फक्कीनं आखलेलं विमान: रात्रीच्या बॉम्बहल्ल्याचा धडा गावच्या मैदानावर कसा घ्यावा

दुसरं महायुद्ध शाळेच्या पुस्तकात येतं आणि दोन-तीन तासिकांत संपतं. ब्रिटिशांच्या बॉम्बर कमांडमध्ये सुमारे सव्वा लाख विमानकर्मी होते, त्यातले ५५,५७३ मेले. हा आकडा फळ्यावर लिहिला की पोरं तो वहीत उतरवतात आणि पान उलटतात. त्यात त्यांचा दोष नाही. एवढी मोठी संख्या मनात मावत नाही.

म्हणून मी एकच विमान घेतो, त्यातली सात माणसं घेतो आणि ते विमान शाळेच्या मैदानावर फक्कीनं खऱ्या मापात आखतो. विमान पेटलं तेव्हा कोण बाहेर पडू शकला आणि कोण नाही, हे बरंचसं कोण कुठं बसला होता यावर ठरलं. ही गोष्ट आखलेल्या विमानात उभं राहिलं की पोरांना लगेच कळते. वरूड तालुक्यातल्या आमच्या शाळेत मी हा धडा आठवीच्या वर्गाला देतो. तुमच्या शाळेत घ्यायचा असेल तर कसा घ्यायचा ते सांगतो.

आधी कोणतं विमान, ते. १६ मे १९४३ च्या रात्री इंग्लंडमधल्या स्कॅम्पटनच्या तळावरून ब्रिटिश विमानदलाच्या ६१७ स्क्वाड्रनची, म्हणजे एका तुकडीची, १९ लँकेस्टर बॉम्बफेकी विमानं जर्मनीतली धरणं फोडायला निघाली. प्रत्येकात सात जण, म्हणजे १३३ माणसं. आठ विमानं परत आली नाहीत. ५३ जण मेले, तिघं कैद झाले. याहून कितीतरी मोठे हल्ले त्या युद्धात झाले. मी हाच घेतो, कारण आमच्या पोरांना धरण समजावून सांगावं लागत नाही. सिंभोऱ्याचं अप्पर वर्धा त्यांनी पाहिलेलं असतं, दारं उघडली की नदीकाठाला काय धावपळ होते तेही माहीत असतं. तुमच्याकडे गोसीखुर्द असेल, इसापूर असेल, बेंबळा असेल.

१९ पैकी स्क्वाड्रनच्या प्रमुखाचं, म्हणजे गाय गिब्सनचं विमान घेऊ नका. तो परत आला, त्याला व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं, त्याची गोष्ट सगळीकडे सापडते. जॉन हॉपगुडचं विमान घ्या. त्याच्यावर एजे-एम ही अक्षरं होती. हॉपगुड २१ वर्षांचा होता.

दिवस निवडताना चांदणं बघा. हा हल्ला मुद्दाम पौर्णिमा जवळ असताना केला होता, कारण रडारला चुकवण्यासाठी विमानं झाडांच्या शेंड्यांवरून जात होती आणि वैमानिकाला जमीन दिसणं भाग होतं. कोजागिरी मात्र टाळा. त्या रात्री भुलाबाईची गाणी असतात, दूध असतं, पोरींचं मन तिकडं असतं आणि ते तिकडंच असावं. त्रिपुरी पौर्णिमेच्या आगेमागे घ्या. अंधार लवकर पडतो, सोयाबीन निघालेलं असतं, पालकही थोडे मोकळे असतात. संध्याकाळी साडेसहाला सुरू करून आठच्या आत पोरं घरी गेली पाहिजेत. पालकांना आधी सांगा आणि मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या.

साहित्य शाळेतच निघतं: फक्की, सुतळी, खुंट्या, मीटर-टेप, दोन बॅटऱ्या, एक बाक, पाण्याचा एक मोठा ड्रम आणि तुऱ्हाटीच्या काड्या.

आखणी दिवसाउजेडी करा आणि पोरांनाच करू द्या. मधली रेघ २१ मीटर, हे विमानाचं अंग. नाकापासून साधारण तिसऱ्या हिश्श्यावर पंख, या टोकापासून त्या टोकापर्यंत ३१ मीटर. पंख आखताना पोरं हरखून जातात, धावतात, टोकाला उभी राहून एकमेकांना हाका मारतात. मारू द्या. मग अंगाची रुंदी आखा, ती दोन मीटरही नव्हती. इथं पोरं गप्प होतात. ३१ मीटरच्या पंखांमध्ये माणसांना फिरायला उरलेली जागा आमच्या वऱ्हांड्याहूनही चिंचोळी होती. पोटाखाली ड्रम आडवा ठेवा, तो बॉम्ब. खरा त्याहून मोठा होता: दीड मीटर लांब, सव्वा मीटरहून जास्त जाड आणि चार टनांच्या वर वजनाचा. तो पाण्यावर टप्पे खात धरणाच्या भिंतीपर्यंत जावा म्हणून टाकण्याआधी त्याला मिनिटाला ५०० फेरे या वेगानं उलटं फिरवत.

आता जागा. यावर घाई करू नका, अख्खा धडा यावर उभा आहे.

नाकात, जमिनीवर पालथा, बॉम्ब टाकणारा जॉन फ्रेझर. वय २०, कॅनडाचा. त्याच्या पोटाखालीच पुढची झडप होती. त्याच्या डोक्यावर पुढच्या मशीनगनच्या काचेच्या घुमटात जॉर्ज ग्रेगरी. एरवी लँकेस्टरच्या पाठीवरही एक घुमट असे. या मोहिमेसाठी वजन कमी करायला तो काढला होता, म्हणून तिथला मशीनगनवाला पुढं आला. त्यांच्या मागं थोड्या उंचावर डावीकडे वैमानिक हॉपगुड, त्याच्या उजवीकडे इंजिनांवर लक्ष ठेवणारा चार्ल्स ब्रेनन. त्यांच्या मागं पडद्याआड, टेबलाशी आडवा बसलेला दिशादर्शक केन अर्नशॉ. हा विमानदलात येण्याआधी कॅनडात शाळामास्तर होता. हे पोरांना जरूर सांगा. त्याच्या मागं बिनतारी संदेशवाला जॉन मिंचिन. हे सहा जण विमानाच्या पुढच्या भागात एकमेकांना हात लागेल इतके जवळ.

सातवा टोनी बर्चर, ऑस्ट्रेलियाचा, २१ वर्षांचा. तो पार शेपटीत, काचेच्या घुमटात, मागं तोंड करून. त्याची पॅराशूट त्याच्या अंगावर नसे. तेवढी जागाच नव्हती. ती घुमटाबाहेर, विमानाच्या अंगात अडकवलेली असे.

त्या जागी पोराला बसवा. तोंड मागं, पाठ सगळ्यांकडे. बाकीच्या सहांना हळू आवाजात बोलायला सांगा. शेपटीतल्या पोराला काही ऐकू येत नाही. एका वर्षी तिथं बसलेल्या पोरानं मान न वळवता विचारलं, "सर, हा मांगचा रातभर एकटाच बसते काय जी?" हो म्हटलं. कानातल्या यंत्रातून आवाज यायचा, तेवढीच सोबत.

मिंचिनच्या मागं बाक आडवा ठेवा. पंखाची मुख्य तुळई विमानाच्या अंगातून आरपार जायची आणि मागच्या दाराकडे जायचं तर ती ओलांडावी लागायची. एका पोराला पुढं दप्तर, मागं दप्तर आणि वर घोंगडी बांधा आणि बाकावरून पलीकडं जायला सांगा, तेही वाकून, कारण छत डोक्याला लागतं. पहिल्यांदा सगळे हसतात. मग सांगा की खऱ्या विमानात हे अंधारात, हलत्या जमिनीवर, लोकरीचे कपडे आणि जाड बूट घालून करायचं होतं.

तुऱ्हाटीची चौकट बांधून नाकाशी ठेवा. पुढची झडप जेमतेम २२ इंच रुंद होती, म्हणून चौकटही २२ इंचांची करा. पॅराशूट बांधलेल्या माणसाला त्यातून निघायचं. एक पोरगी दप्तरासकट त्यात अडकली आणि म्हणाली, "पेटत्या इमानातून एवढ्याशातून कसं निंगाव सर?" पुढच्या सहाही जणांसाठी हीच झडप होती. वैमानिकाचा नंबर शेवटी, कारण त्यानं हात सोडले की विमान गेलं.

अंधार पडला की बॅटऱ्यांचा प्रयोग करा. बॉम्ब बरोबर ६० फुटांवरून, म्हणजे सुमारे १८ मीटरवरून टाकायचा होता. पोरांना गावच्या पाण्याच्या टाकीकडे बघायला सांगा, साधारण तेवढी उंची आणि ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या वर वेग. रात्री पाण्यावर उंची कळत नाही. त्यावर उपाय असा केला की विमानाच्या पोटाला दोन दिवे तिरपे लावले. विमान नेमकं ६० फुटांवर आलं की दोन्हींचे उजेडाचे गोल पाण्यावर एकमेकांना भिडायचे. दोन पोरांना बाकावर उभं करा, हातात एकेक बॅटरी द्या आणि गोल जमिनीवर जुळवायला सांगा. मग बाक काढून घ्या. गोल लगेच फाकतात. पोरांना हे फार आवडतं, पुन्हापुन्हा करायचं असतं. करू द्या, पण मग विचारा: हे दिवे खालून भिंतीवरच्या तोफवाल्यांना दिसत नसतील का? बराच वेळ कुणी बोलत नाही.

आता गोष्ट सांगायची. सातही जण आपापल्या जागी बसलेले, बाकी वर्ग पंखांच्या रेघेबाहेर. इथं माझा एक कडक नियम आहे. मरण्याचं नाटक करायचं नाही, स्फोटाचे आवाज काढायचे नाहीत. पोरांनी फक्त बसायचं, आणि नाव पुकारलं की उठायचं. दुसरं, ज्या लेकराच्या घरी अलीकडे कुणी गेलं आहे त्याला विमानात बसवू नका. आपल्या जिल्ह्यात वर्गात असं लेकरू असतंच, ते तुम्हाला माहीत असतं. त्याला घड्याळ द्या, वेळ पुकारायचं काम द्या.

रात्री ९:३९ ला गिब्सन, हॉपगुड आणि मार्टिन ही तीन विमानं एकत्र निघाली. समुद्र ओलांडला, हॉलंड ओलांडलं. धरण अजून दूर असतानाच खालच्या तोफांनी हॉपगुडचं विमान गाठलं. मिंचिनच्या पायाला जबर मार बसला. बर्चरला छर्रे लागले. पुढच्या घुमटातून ग्रेगरीचा आवाज येईना. हॉपगुडच्या डोक्यातून रक्त वाहत होतं आणि शेजारी बसलेला ब्रेनन त्या जखमेवर रुमाल दाबून धरत होता. इथं थांबा. पोरांना विचारू नका, स्वतः सांगा: इथून परत फिरता आलं असतं. ते फिरले नाहीत.

म्योने धरण. भिंत ६५० मीटर लांब, ४० मीटर उंच. भिंतीवरच्या बुरुजांवर तोफा. १२:२८ ला गिब्सनचा बॉम्ब पडला, भिंत टिकली. पाच मिनिटांनी हॉपगुडची पाळी. आता तोफवाल्यांना विमान कुठून येतं ते कळलेलं होतं. पाण्यावरून येताना विमानाला गोळे लागले, पंखातली टाकी पेटली. बॉम्ब किंचित उशिरा सुटला. तो टप्पा खाऊन भिंतीवरून पलीकडे गेला आणि खालच्या वीजघरावर पडला.

हॉपगुडनं पेटतं विमान वर चढवायचा प्रयत्न केला. ६० फुटांवरून पॅराशूट उघडत नाही, आपल्या माणसांना उडी मारता यावी म्हणून त्याला उंची हवी होती. मिळाली ती दीडशे मीटरच्या आसपास. तेवढी उंची म्हणजे काही सेकंद. फ्रेझरनं झडप उघडली तर खाली झाडं दिसली, फार जवळ. त्यानं आतच दोरी ओढली आणि उघडणाऱ्या पॅराशूटनं त्याला बाहेर खेचून नेलं. "फ्रेझर" असं पुकारा, ते पोर उठून रेघेबाहेर येतं.

शेपटीतला बर्चर घुमट हातानं फिरवून आत आला. समोरून मिंचिन सरपटत येत होता, निकामी झालेला पाय ओढत. ती तुळई त्यानं त्या पायानं ओलांडली होती. बर्चरनं त्याला मागच्या दारातून बाहेर ढकललं आणि ढकलताना त्याच्या पॅराशूटची दोरी ओढून दिली. मिंचिनचं पोर उठतं, पण त्याला रेघेच्या आतच उभं ठेवा. मिंचिन वाचला नाही. मग बर्चरनं स्वतःची पॅराशूट विमानातच उघडली, छातीशी धरली आणि तेवढ्यात स्फोट झाला. तो बाहेर फेकला गेला, शेपटीवर आदळला, पाठीला जबर मार बसला, पण जिवंत जमिनीला लागला. विमान काही किलोमीटरवर ओस्ट्योनेन गावाजवळ पडलं.

आता मैदानावर बघा. वाचले ते दोन टोकांचे: एक झडपेवर पालथा होता, एक शेपटीत एकटा. मधले चार जागच्या जागी बसलेले: हॉपगुड, ब्रेनन, अर्नशॉ, ग्रेगरी. त्यांची नावं एकेक करून घ्या आणि पाचवं मिंचिनचं. हे पाचही जण आज जर्मनीत ऱ्हाइनबर्गच्या युद्ध स्मशानभूमीत आहेत. दुसऱ्या दिवशी स्क्वाड्रनच्या कचेरीतून ५६ घरांना तारा गेल्या. सगळ्यांत मजकूर बेपत्ता असल्याचा. त्यातले तिघं जिवंत होते, पण कोणते तिघं हे त्या दिवशी कुणालाच माहीत नव्हतं.

धडा इथं संपवू नका, कारण पाणी अजून यायचं आहे. ज्याला धरणफोडीची शौर्यकथा सांगायची आहे तो इथं थांबतो, आणि शिक्षकानं तसं थांबू नये असं मला फार वाटतं. हॉपगुडनंतर काही मिनिटांत म्योने फुटलं. खालच्या खोऱ्यात तेराशेच्या आसपास माणसं मेली. त्यातली कित्येक नेहाइम गावाजवळच्या छावणीतल्या बाया होत्या, पूर्वेकडून, बहुतेक युक्रेनमधून जर्मनांनी धरून आणलेल्या वेठबिगार मजूर. ज्या फौजेविरुद्ध हॉपगुड लढत होता त्याच फौजेनं त्यांना कोंडलं होतं आणि हॉपगुडच्या सोबत्यांनी सोडलेल्या पाण्यात त्या बुडाल्या. पोरांना हे गोड करून सांगू नका. बॉम्ब टाकणारी पोरं विशीतली होती हे जेवढं खरं, तेवढंच हेही.

आमच्या भागात पाण्याबद्दल फार बोलावं लागत नाही. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीच्या पुरानं मोवाड नेलं, दोनशेच्या वर माणसं गेली. वरूड-नरखेड पट्ट्यात असं घर क्वचितच असेल की जिथं मोवाडचं नाव काढलं तर म्हातारं माणूस गप्प होत नाही. मी शक्य असेल तेव्हा तो पूर पाहिलेल्या एखाद्या आजीला बोलावतो. आधी घरी जाऊन विचारा, एकटीला विचारा, आणि नको म्हणाली तर दुसऱ्यांदा विचारू नका. आली तर खुर्ची द्या, पोरांना जमिनीवर बसवा आणि मधे बोलू नका. एका आजीनं फक्त पाण्याचा आवाज कसा होता तेवढंच सांगितलं आणि ती घरी गेली. तेवढं पुरेसं होतं.

एक प्रश्न तुम्हाला गावातून येईलच. आमच्याकडे एका आबाजीनं मैदानाच्या कुंपणाशी उभं राहून विचारला: "इंग्रजाईच्या पोट्ट्याईसाठी आपण काऊन रडाव मास्तर?" प्रश्न रास्त आहे, टाळू नका. नदीपलीकडे आष्टी आहे. १६ ऑगस्ट १९४२ ला नागपंचमीच्या दिवशी तिथं आणि तिकडे चिमूरला इंग्रज सरकारच्या पोलिसांनी गोळ्या घातल्या. हॉपगुडचं विमान त्यानंतर नऊ महिन्यांनी पडलं. राज्य तेच होतं. मी आबाजींना सांगितलं की आष्टीचा धडा मी याच वर्गाला ऑगस्टमध्ये देतो, हुतात्म्यांच्या नावांसकट, आणि हा धडा त्यानंतरच येतो, आधी कधीच नाही. राज्य वेगळं आणि २१ वर्षांचं पोरगं वेगळं, हे पोरांना कळायला दोन्ही धडे लागतात. ते काही बोलले नाहीत, पण शेवटपर्यंत उभे राहिले. हा क्रम तुम्हीही पाळा.

पोरं हमखास विचारतात की वाचलेल्या दोघांचं पुढं काय झालं. उत्तर तयार ठेवा. दोघंही युद्ध संपेपर्यंत कैदेत होते. फ्रेझर कॅनडाला परतला आणि त्यानं आपल्या पहिल्या मुलाच्या नावात हॉपगुडचं नाव ठेवलं. १९६२ मध्ये तो विमान अपघातातच गेला.

दुसऱ्या दिवशीचा गृहपाठ लहान ठेवा: सातांपैकी एकाची जागा निवडायची आणि तिथून काय दिसत होतं, काय दिसत नव्हतं ते दहा ओळींत लिहायचं. निबंधासारखी सुरुवात-शेवट मागू नका. ज्यांना नेहाइमच्या छावणीतून लिहायचं असेल त्यांना लिहू द्या. दरवर्षी काही पोरी तेच निवडतात आणि त्या वह्या मी जपून ठेवल्या आहेत.

मैदान लहान असेल तर पंख सोडून द्या किंवा अर्धेच आखा, चालतं. पण मधल्या रेघेचे २१ मीटर कमी करू नका. मिंचिन जिथं बसला होता तिथपासून मागच्या दारापर्यंतचं अंतर पोरांनी स्वतः चालून बघितलं पाहिजे, बाक ओलांडून. फक्की नसली तर चुलीची राख चालते, फक्त ती रात्री कमी दिसते, म्हणून रेघ दुहेरी ओढा.